हाताचा इलाज आणि हातातला फोन

आमच्या गावात एक मिस्त्री आहेत. सुतारकाम हा त्यांचा पिढीजात धंदा. देवळाचा दरवाजा असो, घराची तुळई असो, की लग्नातला चौरंग असो, मिस्त्रींचा रंधा फिरला की लाकूड आरशासारखे व्हायचे. वय अजून साठीच्या आत.

एका पहाटे ते उठायला गेले, तो उजवा हात उचलेना. उजवा पाय उचलेना. तोंड एका बाजूला ओढले गेले. अर्धांगवायूचा झटका आला होता. आपण त्याला लकवा म्हणतो. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेले. जीव वाचला. तीन आठवड्यांनी मिस्त्री घरी आले. धरून धरून चालू लागले. पण उजवा हात लोंबता राहिला. ज्या हाताने पटाशी धरली, त्या हाताला चमचा धरवेना.

डॉक्टर म्हणाले, "आता औषधाचं काम थोडं, आणि सरावाचं काम फार. तालुक्याला उपचार केंद्र आहे. तिथं जा."

मिस्त्री तिथे गेले. पुढे जे घडले त्यात सुख आहे आणि दुःखही आहे. ते तुम्हाला सांगायचे आहे. कारण आज मिस्त्रींवर वेळ आली, उद्या तुमच्या-माझ्या घरी येईल.

हा उपचार म्हणजे काय?

केंद्रात एक बाई होत्या. त्यांनी सुई काढली नाही, की गोळी दिली नाही. त्यांनी विचारले, "मिस्त्री, कोणतं काम तुम्हाला पुन्हा स्वतःच्या हातानं करायचंय?"

मिस्त्रींची जीभ अडखळत होती. तरी ते म्हणाले, "भाकरी मोडून खायचीय. सदरा घालायचाय. मग पटाशी."

बाईंनी ते वहीत लिहून घेतले. त्याच क्रमाने उपचार ठरला.

या उपचाराला इंग्रजीत ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. मराठीत व्यवसायोपचार. इथे व्यवसाय म्हणजे दुकानदारी नव्हे. माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत जे जे करतो ते सगळे त्याचे व्यवसाय. तोंड धुणे, कपडे घालणे, जेवणे, चूल पेटवणे, गुरांना वैरण टाकणे, शाळेत पाटीवर लिहिणे. आजाराने, अपघाताने किंवा जन्मापासून यातले एखादे काम जमत नसेल, तर ते जमेल असे करणे, हा या उपचाराचा हेतू.

ते कसे करतात? कधी हात सुधारतात. कणीक मळायला लावतात, शेंगा सोलायला लावतात, डाळीतले खडे वेचायला लावतात. कधी हत्यार बदलतात. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड केला, की अधू मुठीतही बसतो. कधी रीत बदलतात. सदरा घालताना अधू हात आधी बाहीत घालायचा, धडका हात मागून. काढताना उलट. आणि कधी घर बदलतात. मोरीच्या भिंतीला धरायला दांडा ठोकतात, पाय घसरेल तिथली फरशी खरबरीत करतात.

आपल्या देशात या उपचाराची पहिली शाळा मुंबईला निघाली. ते साल १९५०. के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी ती सुरू केली. कमलाबाई जन्माने अमेरिकन, लग्न करून इथल्या झाल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाने आहे. १९५२ साली या उपचारकांची अखिल भारतीय संघटना झाली. त्याच साली त्यांचा जागतिक संघ स्थापन झाला. त्याच्या संस्थापक देशांत भारत होता.

फोनने काय सोय झाली?

केंद्र आमच्या गावापासून बावीस किलोमीटर. दोन माणसांचे एसटीचे भाडे, वर मिस्त्रींच्या बायकोची त्या दिवसाची मजुरी बुडायची. आठवड्यातून दोनदा जाणे परवडेना.

बाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांतून एकदा इथं या. मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल करा. मी घरबसल्या तुमचा सराव बघते."

ही सोय खरी आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. बाईंनी फोनवरूनच मिस्त्रींची मोरी पाहिली आणि दांडा किती उंचीवर ठोकायचा ते सांगितले. कोरोनाच्या दिवसांत, मार्च २०२० मध्ये, केंद्र सरकारने डॉक्टरांसाठी फोनवरून रोगी पाहण्याचे नियम काढले. व्यवसायोपचारकांच्या जागतिक संघाने तर २०१४ सालीच सांगितले होते, की लांबून दिलेला उपचार समोरासमोरच्या उपचाराच्या तोलाचाच असला पाहिजे. म्हणजे फोनवर आहे म्हणून हयगय चालणार नाही.

दोन महिने बरे गेले. मिस्त्रींच्या अंगठ्यात थोडी ताकद आली. जाड दांड्याचा चमचा मुठीत राहू लागला. मग ती गोष्ट घडली.

एक घास गावभर फिरला

एके दिवशी केंद्रात मिस्त्री वरणभात खाण्याचा सराव करीत होते. निम्मा भात सदऱ्यावर सांडत होता. ओठांच्या कडेने वरण ओघळत होते. केंद्रातल्या मदतनीस मुलाने आपल्या स्वतःच्या फोनवर त्याचा व्हिडिओ घेतला. हेतू चांगला होता. महिन्याने पुन्हा व्हिडिओ घ्यायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून सुधारणा मोजायची, ही रीत आहे. पण मिस्त्रींना त्याने विचारले नाही.

मुलाने तो केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, म्हणजे मोठ्या बाईंनाही दिसावा. ग्रुपवरच्या एकाने तो आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, "बघा याची जिद्द!" तिथून तो तिसरीकडे गेला. चौथ्या दिवशी आमच्या गावात पोचला.

वाईट हेतू यात कोणाचाच नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो. मुलाने कामासाठी घेतला, दुसऱ्याने कौतुकाने पाठवला. पण पारावरची पोरे तोंड वाकडे करून भात खायची नक्कल करू लागली. मिस्त्रींच्या नातवाने शाळेत मारामारी केली, तेव्हा घरात कळले.

मलाही तो व्हिडिओ आला होता. मी तो शेवटपर्यंत पाहिला. हळहळलो. मग घरच्यांना दाखवला. मिस्त्रींना हे चालेल का, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. जन्मभर मुलांना नीती शिकवली, आणि इथे मीच चुकलो.

मिस्त्रींनी केंद्रात जाणे बंद केले. फोन आला तरी घेईनात. दार लावून बसू लागले. जेवायला बायकोसमोरही बसेनात. असे सहा आठवडे गेले. लकव्यानंतरचे पहिले काही महिने फार मोलाचे असतात. तेव्हा जितका सराव होतो, तितका हात परत मिळण्याची आशा जास्त. मिस्त्रींचे त्यातलेच सहा आठवडे वाया गेले. बोटे मुठीत आखडली.

शेवटी बाई स्वतः एसटीने आमच्या गावी आल्या. ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "चूक आमची आहे. तुम्हाला विचारायला हवं होतं. आमच्याकडचा व्हिडिओ पुसलाय. पण बाहेर गेलेला आता माझ्या हातात नाही."

मिस्त्री बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, हात गेला ते नशिबानं केलं. पण माझं जेवण चव्हाट्यावर मांडलं, ते माणसांनी केलं."

मंडळी, हे वाक्य विसरू नका. या लेखाचे सार त्यात आहे.

रोग्याचे गुपित कोणाचे?

रोगी वैद्यापुढे उघडा होतो, अंगाने आणि मनानेही. जी गोष्ट तो भावालाही दाखवणार नाही, ती वैद्याला दाखवतो. का? बरे व्हायचे असते म्हणून. हा विश्वास आहे. तो वैद्याला उसना दिलेला असतो. उसने घेतलेले भांडे तिसऱ्याला परस्पर देता येत नाही.

ही समजूत आजची नाही. आपल्या जुन्या चरकसंहितेत वैद्य होणाऱ्या शिष्याला जो उपदेश आहे, त्यात असे सांगितले आहे, की रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत. त्या काळी फोन नव्हता. वैद्याचे तोंड तेवढे होते. तरी त्या तोंडाला बांध घातला होता. आज तर वैद्याच्या खिशात असे यंत्र आहे, की एका बोटाने हजार माणसांना दाखवते. मग बांध आणखी पक्का नको का?

तोंडी चहाडीत आणि व्हिडिओत फरक आहे. तोंडी गोष्ट चार दिवसांत विरते. व्हिडिओ विरत नाही. एकाकडे पुसला तरी दहा जणांकडे राहतो. सुटलेला बाण भात्यात परत येत नाही, तसे हे आहे.

आणखी एक. व्यवसायोपचारात रोग्याचे नुसते दुखणे दिसत नाही, त्याचे सारे घर दिसते. बाईंनी मिस्त्रींची मोरी पाहिली. त्या वेळी दोरीवर सुनेची लुगडी वाळत होती. आतल्या खोलीतून कोणीतरी कर्ज मागायला आलेल्या पाहुण्याशी बोलत होते. तेही फोनमधून ऐकू गेले असेल. म्हणून व्हिडिओ कॉल लावण्याआधी घरातल्यांना सांगावे, "आता फोन चालू होतोय." आणि उपचारकानेही सांगावे, की आपल्या बाजूला खोलीत आणखी कोण बसले आहे. इकडचे दार बंद आणि तिकडे चार माणसे ऐकत बसलेली, हे बरे नव्हे.

अंगठ्याची गोष्ट

तुमच्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला असेल. कागदावर काय लिहिले होते ते त्यांना माहीत नव्हते. सावकार म्हणायचा, "कर इथं अंगठा." आजोबा करायचे. पुढे शेत जायचे. म्हणून तर आपण अक्षरे शिकलो.

आता पाहा. फोनच्या पडद्यावर चौकोन येतो. त्यावर लिहिलेले असते, "मान्य आहे". पुष्कळदा तर ते इंग्रजीत असते. आपण काय करतो? न वाचता अंगठा दाबतो. शाई लागत नाही एवढेच. अंगठा तोच, आणि भूलही तीच.

संमती म्हणजे समजून दिलेला होकार. न समजता दिलेला होकार ही संमती नव्हे. घाबरून दिलेला होकारही संमती नव्हे. "नको म्हटलं तर बाई रागावतील, इलाज बंद करतील," या भीतीने रोगी मान हलवतो. उपचारकाने ही भीती आधी काढली पाहिजे. स्पष्ट सांगितले पाहिजे, "तुम्ही नाही म्हणालात तरी उपचार चालूच राहील."

याला कायद्याचाही आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला, की खाजगी आयुष्य जपणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेने माणसाच्या व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी कायदा केला. त्याचे नियम २०२५ साली निघाले, आणि कलमे टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. या कायद्याप्रमाणे संमती कशासाठी हवी ते सोप्या शब्दांत सांगावे लागते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी आपल्या भाषेत ते वाचण्याची सोय द्यावी लागते. मराठी त्यात आहे. आणि दिलेली संमती परत घेता येते. देणे जितके सोपे, तितकेच परत घेणेही सोपे असले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे.

पण कायदा घरोघर पहारा देऊ शकत नाही. विचारायची सवय आपल्यालाच लावून घ्यावी लागेल. कोणी फोटो किंवा व्हिडिओ घेऊ लागले, तर हे पाच प्रश्न विचारा:

१. हा कशासाठी घेता?
२. तो कोण कोण पाहणार?
३. कोणाच्या फोनमध्ये राहणार? तुमच्या स्वतःच्या, की केंद्राच्या?
४. किती दिवसांनी पुसणार?
५. मी नको म्हटले, तर माझा उपचार चालू राहील ना?

चांगला उपचारक या प्रश्नांनी रागावणार नाही. उलट त्याला बरे वाटेल, की रोगी शहाणा आहे.

मुलांच्या बाबतीत

काही मुले जन्मतःच अधू असतात. कोणाला उशिरा बसता येते, कोणाला पेन्सिल धरता येत नाही, कोणी माणसाच्या डोळ्याला डोळा देत नाही. त्यांनाही या उपचाराचा फार उपयोग होतो. अठरा वर्षांखालच्या मुलाची संमती आईबापांनी द्यायची असते.

पण आईबापांनी एक विचार करावा. मूल आज चार वर्षांचे आहे. त्याला काही कळत नाही. उद्या ते सोळा वर्षांचे होईल. त्याच्या हाती फोन येईल. लाळ गळत असलेला, रडत असलेला आपला व्हिडिओ कोण्या संस्थेच्या जाहिरातीत त्याला दिसला, तर? "माझ्या आईनंच हो म्हटलं होतं," असे त्याला वाटेल. म्हणून उपचारासाठी व्हिडिओ वेगळा, आणि जाहिरातीसाठी वेगळा. पहिल्याला होकार दिला म्हणजे दुसऱ्याला दिला असे होत नाही. मूल थोडे समजते झाले की त्यालाही विचारावे. ते नाही म्हणाले, तर ऐकावे.

आईच्या खोलीतला कॅमेरा

आता एक अवघड गोष्ट सांगतो. तिचे उत्तर सोपे नाही.

एक म्हातारी गावी एकटी राहते. मुलगा मुंबईला. म्हातारी मोरीत दोनदा पडली. मुलाने घाबरून तिच्या खोलीत कॅमेरा बसवला. तो मुंबईत बसून आईला फोनवर पाहतो. त्याच्या पोटातली माया खरी आहे. त्याला दोष कसा द्यावा?

पण म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अगं, लुगडं बदलायचं तर आता मी कोठीच्या खोलीत जाते. माझ्याच घरात मी चोरासारखी झाले."

कोठीच्या खोलीत अंधार. तिथे पडण्याची भीती आणखी जास्त. म्हणजे पडू नये म्हणून लावलेल्या कॅमेऱ्याने म्हातारीला पडण्याच्या जागी ढकलले!

उपचारकाने अशा वेळी काय करावे? आधी म्हातारीला विचारावे. मुलाला नव्हे, म्हातारीला. शरीर तिचे आहे, घर तिचे आहे. मग दुसरा मार्ग आहे का ते पाहावे. मोरीत दांडा, रात्री पेटता राहणारा छोटा दिवा, गळ्यात अडकवायची घंटी, सकाळ-संध्याकाळ एक फोन, शेजारणीची एक हाक. एवढे केल्यावर कॅमेऱ्याची गरज उरते का, ते बघावे. उरली, तर त्याचे तोंड दाराकडे ठेवावे, पलंगाकडे नको. आणि म्हातारीला तो बंद करता आला पाहिजे. राखण आणि पहारा यात फरक आहे. राखण मायेची असते, पहारा कैद्यावर असतो.

फोनला हात नसतात

फोनला डोळे आहेत, कान आहेत. पण हात नाहीत. हा आजार हाताचा आहे, हे विसरून चालणार नाही. बोट किती ताठरले आहे, खांदा कुठे दुखतो, हे हात लावल्याशिवाय नीट कळत नाही. पडद्यावर हात बरा दिसतो आणि आत खांदा सुजलेला असतो. म्हणून मधून मधून समोरासमोर तपासणी हवीच. "सगळं फोनवरच होईल," असे कोणी म्हणाले तर सावध व्हा.

फोनवर सराव करताना शेजारी एक धडधाकट माणूस उभा असावा. उभे राहून करायचा सराव असेल तर तो असलाच पाहिजे. रोगी पडला तर बाई पडद्यातून हात पुढे करू शकत नाहीत. अचानक तोंड वाकडे झाले, बोलणे बोबडे झाले, छातीत कळ आली, तर व्हिडिओ कॉलची वाट पाहू नका. १०८ नंबर लावा.

फोनवर शेकडो व्यायाम फुकट दिसतात. पण दुसऱ्याच्या पायाच्या मापाचा जोडा आपल्या पायात बसत नाही. लकवा झालेला खांदा जोराने ओढला तर निखळू शकतो. ज्याने तुमचा हात पाहिला आहे, त्यानेच सांगितलेला सराव करा. हे शिक्षण घेऊन करायचे काम आहे. २०२१ साली संसदेने अशा आरोग्यसेवकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात व्यवसायोपचारतज्ज्ञही येतात. तेव्हा नवा माणूस भेटला तर त्याचे शिक्षण कुठे झाले हे विचारायला लाजू नका.

आणि कोणी "उपचारासाठी नाव नोंदवायचंय" असे सांगून तुमच्या फोनवर आलेला बँकेचा ओटीपी मागितला, तर देऊ नका. हात बरा करायला बँकेच्या आकड्याची गरज नसते.

ज्याच्याकडे फोन नाही त्याचे काय? वस्तीवर रेंज येत नाही. पुष्कळ घरांत एकच फोन असतो आणि तो मुलाच्या खिशात असतो. सासूला लकवा झाला तर तिचा सराव मुलाच्या सवडीने होणार. फोन नाही म्हणून एखाद्याचा उपचारच तुटला, तर ती सोय नव्हे, अन्याय आहे. अशा रोग्याला सराव चित्रे काढून कागदावर लिहून द्यावा. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. शेजारच्या आजीला तो कागद वाचून दाखवणे हे तुमचे काम.

मिस्त्रींचे पुढे काय झाले?

त्या दिवशी ओट्यावर बाई म्हणाल्या, "पुन्हा सुरू करू या. फोन नको असेल तर फोनशिवाय करू. मी महिन्यातून एकदा येईन."

मिस्त्रींनी विचार केला. मग म्हणाले, "फोन चालेल. पण फक्त हात दाखवीन. तोंड नाही."

बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं." त्यांनी वहीत ते लिहिले. खाली मिस्त्रींनी डाव्या हाताने सही केली. अंगठा नाही, सही. अक्षर वाकडे आले, पण त्यांचे स्वतःचे होते.

तेव्हापासून त्यांची बायको फोन असा धरते, की मनगट आणि बोटेच दिसतात. सुधारणा मोजायला तेवढे पुरते. केंद्रानेही आपली रीत बदलली. आता तिथे स्वतःच्या फोनवर कोणी रोग्याचा फोटो घेत नाही. केंद्राचा एक फोन आहे, तो कपाटात कुलपात असतो.

मी मिस्त्रींकडे गेलो. माझी चूक सांगितली. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्हीसुद्धा?" एवढेच म्हणाले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

बोटे अजून पूर्ण उघडत नाहीत. पटाशी धरता येत नाही. पण भाकरी मोडून खातात. परवा ओट्यावर बसून सगळ्यांच्या देखत खाल्ली. कोणी व्हिडिओ घेतला नाही.

एवढे ध्यानात ठेवा

आपल्या दुखण्याचे चित्र आपले आहे. विचारल्याशिवाय ते कोणी घेऊ नये, आणि आपणही दुसऱ्याचे घेऊ नये.

न वाचता, न समजता अंगठा दाबू नये. कागदावरही नाही, पडद्यावरही नाही.

"नको" म्हणण्याचा हक्क रोग्याला आहे. त्यासाठी उपचार तोडता येत नाही.

फोन उपचाराला मदत करतो. तो उपचारकाच्या हाताची जागा घेत नाही.

कोणाच्या दुखण्याचा व्हिडिओ आला, तर तो पुढे पाठवू नका. कौतुकानेही पाठवू नका. तिथेच पुसा.

वर्गात बोलण्यासाठी

१. मिस्त्रींच्या व्हिडिओत कोणाकोणाची चूक झाली? प्रत्येकाने काय करायला हवे होते?
२. म्हातारीच्या मुलाच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते?
३. तुमच्या फोनमध्ये कोणा आजारी माणसाचा फोटो आहे का? तो ठेवण्याआधी त्याला विचारले होते का?